बेवारस होडीची वेलांटी

"पुढच्या महिन्यात आपली स्वतःची होडी असेल," पेंटरने बायकोला सांगितलं. "चोरीची नाही, कोणाकडून मागून आणलेली नाही. रीतसर, सही-शिक्क्यानिशी, कायद्याने आपली."

बायको उशीचे अभ्रे पिळून वाळत घालत होती. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, केसांत लव्हाळ्याची काडी आणि चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्यासारखं तेज.

"ठेवणार कुठे?" तिने विचारलं. "आपल्या दारात सायकल आडवी लावली तर मला बाहेर पडता येत नाही."

असले व्यवहारी प्रश्न पेंटरला त्या दिवशी ऐकूच येत नव्हते. नदीच्या पलीकडच्या काठावर 'येथे पोहू नये' असा बोर्ड रंगवायला तो सकाळी गेला होता. 'नये'पर्यंत आला, ब्रश धुवायला खाली उतरला, आणि लव्हाळ्यात पालथी पडलेली ती होडी त्याच्या पायाला लागली. आत चिखल, चिखलात खेकडे, अंगावर रंगाचे पोपडे. दोन वर्षं तरी तिला कोणी हात लावला नसावा. दुसऱ्या कोणी अंगठा चोळला असता आणि वाट धरली असती. पेंटर मात्र तिच्या शेजारी बसून अर्धा तास नुसता हसत होता.

खरं सांगायचं तर पेंटरला होडीची काडीइतकी गरज नव्हती. त्याला पोहता येत नव्हतं, वल्हवता येत नव्हतं, आणि पाणी जरा हललं की त्याच्या पोटात ढवळायचं. त्याला होडी हवी होती, कारण साडूंकडे होती.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते पाण्याचे पंप विकायचे, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या पंपावर चालते असा त्यांचा समज होता. त्यांची पांढरी मोटारबोट होती, नाव 'महाराणी'. दर रविवारी ते दोन्ही घरांना नदीवर फिरवून आणायचे. पुढे साडू, मध्ये दोघी बहिणी, आणि मागे इंधनाच्या डब्याला टेकून पेंटर. "तुम्ही मागेच बसा हो, तोल राहतो," असं साडू दर रविवारी म्हणायचे. अकरा वर्षं पेंटर तोल राखत होता. रविवारी संध्याकाळी त्याच्या कपड्यांना पेट्रोलचा वास यायचा आणि सोमवारी दुपारपर्यंत तो कोणाशी धड बोलायचा नाही.

पण हेही एक वेळ त्याने गिळलं असतं. खरी जखम निराळी होती. धक्क्यावरच्या निम्म्या होड्यांची नावं पेंटरच्या हातची होती. सासऱ्यांनी त्याला जावई करून घेतलं तेसुद्धा त्याचं अक्षर बघून. आणि सख्ख्या साडूने बोटीवर 'महाराणी' घातलं ते मशीनवर कापलेल्या प्लॅस्टिकच्या अक्षरांत! वर कारणही दिलं. "आता हाताने कोण काढतं हो? काढायचा तो डावरा. तो गेला आणि ती कलाच गेली."

डावरा म्हणजे डाव्या हाताने रंगवणारा दुसरा पेंटर. गाव सोडून त्याला अठरा वर्षं झाली होती, तरी लोक त्याचंच नाव घेत. साडू समोर असल्यामुळे त्यांच्यावर निदान मनातल्या मनात दात-ओठ खाता यायचे. डावरा समोर नव्हता. त्यामुळे पेंटरचा जळफळाट जास्त व्हायचा.

दुसऱ्याच दिवशी पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून नौका नोंदणीच्या कचेरीत गेला. खिडकीत चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी त्याला अर्जाच्या तीन प्रती, होडीचे चार बाजूंनी फोटो आणि एक प्रतिज्ञापत्र इतकं सांगितलं, आणि मग नियम समजावला. होडी सापडली अशी सूचना तीस दिवस लावायची. कोणी पुढे आलं नाही तर होडी सापडणाऱ्याच्या नावावर चढते, नंबर मिळतो, दाखला मिळतो. कोणी हक्क सांगितला तर मात्र निरीक्षक येऊन होडीवरची जुनी खूण शोधतात. खूण कोणाची ते कळलं तर होडी त्या मालकाची, तो नसेल तर त्याच्या वारसांची. नाहीच कळलं तर पुन्हा सापडणाऱ्याची.

"पण एवढं काही होत नाही," बाई म्हणाल्या. "वाद नसला तर साहेब होडी बघायलाही उठत नाहीत. सूचना तिथे लावा."

'तिथे' म्हणजे दाराच्या मागे. दार उघडलं की भिंत झाकली जायची, आणि कचेरीच्या वेळात दार उघडंच असायचं. तिथे वीतभर कागदांवर मुंगीएवढ्या अक्षरांत कितीतरी सूचना लावलेल्या होत्या. आजवर त्यांतली एकही कोणी वाचली नव्हती. बाईंनी हे मोठ्या समाधानाने सांगितलं.

शहाण्या माणसाने तिथेच चिठोरं डकवलं असतं आणि तीस दिवस घरी झोप काढली असती. पण पेंटरच्या मनात वेगळंच काहीतरी शिजत होतं. दाराच्या मागची सूचना साडू वाचणार कधी? आणि साडूंनी वाचलीच नाही तर होडी सापडून उपयोग काय?

"सूचना केवढी असावी याचा काही नियम आहे का?" त्याने विचारलं.

बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. किमान आकार दिलेला होता. कमाल आकाराबद्दल कोणाला काही सुचलं नव्हतं.

पुढचे चार दिवस पेंटरने दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. सहा फूट बाय चार फूट पत्रा, तीन हात पांढरा, वर गर्द निळी अक्षरं, अक्षरांना लाल सावली, आणि चारी कोपऱ्यांत लाटा. मजकूरही साधा ठेवला नाही. 'सापडली आहे!' अशी वर ओळ. खाली 'एक डौलदार, भक्कम बांध्याची, पाहताच नजर खिळावी अशी होडी.' त्याखाली स्वतःचं नाव मालकाच्या ऐटीत, आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून, 'हक्क सांगणाऱ्यांनी कचेरीत यावे.'

बायकोने बोर्ड पाहिला. "अहो, कोणी येऊ नये म्हणून सूचना लावायची की यावं म्हणून?"

"अगं, हे कायद्याचं काम आहे," पेंटर म्हणाला. "तुला नाही कळायचं."

बोर्ड कचेरीच्या दारामागे मावला नाही, म्हणून कुंपणाला बाहेरून बांधला. धक्क्यावर जाणाऱ्या प्रत्येक माणसाला तो दिसत होता. साडूंनाही दिसला. रविवारी 'महाराणी'त त्यांनी पहिल्यांदाच मान मागे वळवली. होडी केवढी आहे, लाकूड कुठलं आहे, इंजिन बसेल का, असं त्यांनी विचारलं. पेंटरने डब्याला टेकून, अर्धे डोळे मिटून, "बघू, नोंदणी तर होऊ दे," एवढंच उत्तर दिलं. साडूंनी सुकाणू जरा जास्तच करकचून धरलं आणि परत येताना बोट धक्क्यावर घासली. अकरा वर्षांत इतका गोड रविवार पेंटरच्या वाट्याला आला नव्हता.

सोमवारी पहिला हक्कदार आला.

तो लाँड्रीवाला होता. काकांची होडी लहानपणी हरवली, तीच ही, असं सांगताना त्याला रडू आवरेना. रंग कोणता होता असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, काका रंगाच्या बाबतीत फार बोलत नसत. मंगळवारी निवृत्त ड्रिल मास्तर आले. ते होडीबरोबर शिस्तीचीही मागणी करत होते. बुधवारी दोघे भाऊ आले आणि न पाहिलेल्या होडीची वाटणी कशी करायची यावरून खिडकीसमोरच एकमेकांना भिडले. एका बाईंना वाटलं सोडत आहे, त्यांनी तिकीट मागितलं. चहाच्या टपरीवाल्याला होडीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला तसाच बोर्ड हवा होता, लाटांसकट. महिना संपता संपता अकरा हक्कदार कागदावर चढले. त्यांतल्या एकानेही होडी पाहिली नव्हती. सगळ्यांनी बोर्ड पाहिला होता.

"पंचवीस वर्षं नोकरी केली," नोंदणीच्या बाई पेंटरला म्हणाल्या, "सापडलेल्या होडीवर भांडण म्हणून पाहिलं नव्हतं. तुम्ही एवढं सुबक का लिहिलंत हो?"

पेंटरला यावर राग यावा की आनंद व्हावा ते कळेना. त्याने दोन्ही थोडं थोडं केलं.

शेवटी निरीक्षकसाहेबांना उठावं लागलं. एका शनिवारी सकाळी होडी धक्क्यावर ओढून आणली, पालथी घातली, आणि साहेबांनी शिपायाच्या हातात खरवडायचा पत्रा दिला. भोवती अकरा हक्कदार गोल करून उभे. दोघी बहिणी जरा लांब, पायऱ्यांवर बसलेल्या. आणि साडू नेमके सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर कप्तानासारखी टोपी, हात पाठीमागे. जणू बोलावून आणलेले तज्ज्ञ. पेंटरच्या कपाळावर आठी पडली.

वरचा रंग हिरवा होता, तो गेला. खाली निळा लागला, तोही गेला. मग डांबर आलं. म्हणजे होडी किमान दोन-तीन जणांनी वापरून सोडली होती आणि त्यांतल्या कोणीही कचेरीची पायरी चढली नव्हती. साहेबांनी तशी नोंद केली. डांबराखाली पांढरा रंग लागला. नंबर कुठे दिसेना, तो झिजून गेला होता. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, मात्र पांढऱ्यावर काळं काहीतरी उमटायला लागलं. शिपायाने तिथे हात हलका केला. अर्धं नाव फळीबरोबर कुजून गेलं होतं. राहिला होता फक्त शेवटचा 'ट', आणि त्याच्यावरून डौलात वळून खाली उतरलेली दुसरी वेलांटी.

पेंटर गर्दीतून एक पाऊल पुढे आला.

आपल्या हातचं अक्षर माणूस अंधारातही ओळखतो. ही वेलांटी त्याने बावीस वर्षांपूर्वी काढली होती. तेव्हा तो कोणाचाच जावई नव्हता. एका म्हाताऱ्याने बोलावलं आणि होडीवर लाडक्या धाकट्या लेकीचं घरातलं नाव घालायला सांगितलं. ती लेक तिथेच पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. बाकीची अक्षरं तासाभरात झाली. शेवटच्या वेलांटीला अख्खी दुपार लागली. 'एका वेलांटीला एवढा वेळ?' असं म्हाताऱ्याने विचारलं, एकदा त्याच्याकडे आणि एकदा पायरीकडे पाहिलं, आणि पुढच्या महिन्यात लग्न ठरवून टाकलं. लग्नानंतर दोन वर्षांनी पूर आला आणि होडी दोर तोडून गेली ती गेलीच.

सासऱ्यांची होडी! सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. म्हणजे होडी वारसांची. वारस दोघी, थोरली आणि धाकटी. म्हणजे अर्धी होडी साडूंच्या घरात! पेंटरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मग त्याच्या लक्षात आलं की हे फक्त आपल्यालाच कळलंय. नंबर नाही, नाव नाही, नुसता एक 'ट' आणि वेलांटी. त्यावरून कोणाला काय समजणार? गप्प बसायचं, बस्स. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

साहेबांनी अकरा जणांना एकेक करून विचारलं. लाँड्रीवाल्याने काकांचं नाव बदलून बघितलं, पण 'टी'वर संपेना. ड्रिल मास्तरांनी माघार घेतली आणि माघार घेतानाही सावधान उभे राहिले. भावांचं त्याही बाबतीत एकमत झालं नाही. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'खूण आहे, ओळख पटत नाही.' त्यांनी पेनाचं टोपण काढलं. खाली सही झाली की होडी पेंटरची.

आणि तेव्हा साडू वाकले. टोपी मागे सारून त्यांनी वेलांटी जवळून न्याहाळली.

"वा," ते म्हणाले. "याला म्हणतात हात. डावऱ्याचंच काम."

पेंटरने गुळणी घट्ट धरली.

"वळण बघा," साडू हक्कदारांना समजावू लागले. "जाड कुठे, बारीक कुठे. डावऱ्याशिवाय हे कोणाला जमत होतं?" हक्कदारांनी माना डोलावल्या. टपरीवालाही म्हणाला की डावरा तो डावराच. पेंटरचे कान लाल झाले. त्याने आकाशाकडे पाहिलं, बुटाच्या नाडीकडे पाहिलं, साहेबांच्या पेनाकडे पाहिलं. पेन कागदाला टेकलं होतं.

"आमचे साडूही रंगवतात म्हणा," साडू मायेने म्हणाले, "पण ते बोर्ड. पोहू नये, थुंकू नये. हे काम निराळं."

"माझी आहे ती!" पेंटर ओरडला. "माझी वेलांटी आहे! डावरा उजवीकडून ओढायचा, ही डावीकडून ओढलेली आहे, आंधळ्यालाही दिसेल. अख्खी दुपार घालवली आहे मी तिच्यावर!"

निरीक्षकांनी पेन उचललं.

"तुम्ही काढलीत?" त्यांनी विचारलं. "मग कोणाच्या होडीवर काढलीत, तेही ठाऊक असेल."

खोटं बोलायला पेंटरला दोन क्षण तरी हवे होते. तेवढ्यात बायको पायऱ्या उतरून आली. तिने होडीजवळ बसून वेलांटीवरून बोट फिरवलं, जिथून ब्रश फिरला होता तिथूनच, आणि नवऱ्याकडे वर बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "ही तर मी आहे."

त्यानंतर कायद्याचं काम कसं भराभर झालं! कचेरीत जुनी वही निघाली. सासऱ्यांचं नाव, होडीचं नाव 'धाकटी', लांबी-रुंदी, सगळं जुळलं. बाईंनी वारसांचा अर्ज पुढे केला, आणि त्यावर जावयाला सही करायला जागाच नव्हती. ना या जावयाला, ना त्या. होडी दोघी बहिणींच्या नावावर चढली. थोरलीने एकच अट घातली. ती म्हणे बावीस वर्षं मनात होती. "बाबांनी हिचंच नाव का घातलं, हे मला अजून कळलेलं नाही. आता एका बाजूला माझंही हवं." पेंटरने एका बाजूला 'धाकटी' नव्याने रंगवलं आणि दुसऱ्या बाजूला 'थोरली'. थोरलीने दोन्हीकडची अक्षरं वितीने मोजून घेतली.

आता दर रविवारी दोघी बहिणी 'धाकटी-थोरली' घेऊन स्वतः वल्हवत जातात. नवऱ्यांना नेत नाहीत. होडी लहान आहे, तोल जातो म्हणतात. त्यांचं हसणं पार पलीकडच्या काठावरून ऐकू येतं. साडू आणि पेंटर धक्क्यावर शेजारी शेजारी बसतात. एकट्याने 'महाराणी' काढायचा साडूंना कंटाळा येतो.

अशाच एका रविवारी साडू म्हणाले, "अक्षर मात्र झकास आहे हो तुमचं." मग पाण्याकडे बघत, "प्लॅस्टिकची अक्षरं सोलवटायला लागलीत. 'महाराणी' काढून द्याल का? हाताने?"

अकरा वर्षं पेंटर ज्या वाक्याची वाट बघत होता, ते हेच. ते ऐकून त्याला अगदी भरून आलं. पण घरी जाईपर्यंत दुसराच विचार त्याच्या पोटात दुखायला लागला. आपण जीव ओतून काढलं तर साडूंच्या बोटीवर धक्क्यावरचं सगळ्यात देखणं नाव होईल. म्हणजे बोटही त्यांची आणि अक्षरही!

त्याने काढलं. मन लावून काढलं. फक्त शेवटची वेलांटी उतरवताना हात केसभर झुकवला. एवढासा बाक, मुद्दाम. दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणार नाही, पण आपल्याला ठाऊक राहील. पुढचे पंधरा दिवस पेंटर रोज संध्याकाळी धक्क्यावर जायचा, ती वाकडी वेलांटी बघायचा आणि शीळ घालत परत यायचा.

सोळाव्या दिवशी दोन होडीवाले त्याच्या दारात आले. त्यांना नावं रंगवून हवी होती.

"'महाराणी'वर आहे ना, तश्शी वेलांटी हवी," त्यांतला एक म्हणाला. "जरा तिरकी. काय ऐट आहे तिच्यात! तुमचे साडू सांगत होते, तिरकी काढायची कल्पना त्यांचीच."